वांग्याला आधी वाफ, मग चिंच

प्रश्न असा आहे. नोकरीसाठी रोज हिंजवडीला जाऊन-येऊन असणारे एक गृहस्थ लिहितात, की गेल्या तीन महिन्यांत त्यांनी पाच वेळा भरली वांगी आणि दोन वेळा हैदराबादी बघारे बैंगन घरी करून पाहिले, आणि प्रत्येक वेळी काही ना काही बिघडले. कधी मसाला तळाला लागला आणि वांगे आतून कचकचीत राहिले, कधी वांगी फुटून सगळ्याचा लगदा झाला, दोनदा भाजी कडवट झाली, आणि तेल तर दर खेपेस इतके लागले की वडिलांनी वांगे पोळीवर निथळून मग खाल्ले. चूक मसाल्यात आहे, वांग्यात आहे की हातात, हे त्यांना विचारायचे आहे. सकाळच्या डब्यासाठी ही भाजी आदल्या रात्री करून ठेवता येईल का, हा त्यांचा शेवटचा प्रश्न आहे.

मी गेली २६ वर्षे पुण्यात पोळीभाजी केंद्र चालवते. थंडीच्या दिवसांत आमच्याकडे आठवड्यातून दोनदा भरली वांगी असतात आणि त्या दिवशी साधारण १० किलो वांगी लागतात, त्यामुळे आपण केलेली प्रत्येक चूक मी निदान एकदा तरी, आणि तीही मोठ्या पातेल्यात, केलेली आहे. आपले साहित्य आणि प्रमाण मी नीट वाचले. त्यात फारसे वावगे काही नाही. माझ्या मते आपल्या पहिल्या तीन तक्रारींचे मूळ एकच आहे: मसाला वांग्याला शिजवील अशी आपण अपेक्षा धरता. मसाला चव देतो. शिजवण्याचे काम तेल, वाफ आणि वेळ यांचे असते. चिंच तर त्या कामात उलट आडवी येते. आपण लिहिलेल्या कृतीत फोडणी, वांगी, उरलेला मसाला, चिंचेचा कोळ, गूळ आणि पाणी हे सगळे पहिल्या पाच मिनिटांत एकत्र येते आणि मग झाकण ठेवले जाते. तिथेच भाजी हातची जाते.

त्याचे कारण समजून घेतले, तर पुढच्या सगळ्या कृती आपोआप सुटतील. भाजीच्या पेशींना एकमेकींशी सांधून ठेवणारा पेक्टिन नावाचा पदार्थ असतो. उष्णतेने तो सुटू लागतो आणि म्हणून भाजी मऊ होते. आंबट पाण्यात मात्र तो लवकर सुटत नाही. कैरी किंवा टोमॅटो घातलेल्या आमटीत बटाटा वेळ घेतो, हे आपण पाहिले असेल. चिंचेच्या कोळात टाकलेल्या कच्च्या वांग्याचे तेच होते. बाहेरून साल सुरकुतते, मसाला आटून तळाला चिकटू लागतो आणि आतला गर, विशेषतः देठाजवळचा, तसाच पांढरा आणि करकरीत राहतो. मग आपण घाबरून आणखी पाणी घालता, गॅस वाढवता, ढवळता, आणि ज्या वांग्यांचा खालचा चिरलेला भाग एव्हाना शिजून मऊ झाला आहे ती फुटतात. म्हणजे कच्चेपणा आणि लगदा या दोन उलट वाटणाऱ्या तक्रारी एकाच पातेल्यात, एकाच कारणाने निर्माण होतात. आपल्या सोसायटीला उन्हाळ्यात टँकरचे किंवा बोअरचे पाणी येत असेल, तर त्या जड पाण्यातील कॅल्शियमही पेक्टिनला घट्ट धरून ठेवते. अशा दिवसांत मी भाजीला पिण्याचे गाळलेले पाणीच वापरते.

हा धडा मला फुकट मिळालेला नाही. केंद्र सुरू केल्याला जेमतेम वर्ष झाले होते तेव्हा एका बारशाच्या जेवणाची ८ किलो भरल्या वांग्यांची मागणी आली. घाईच्या भरात मी चिंच, गूळ आणि वांगी एकदमच पातेल्यात घातली. पाऊण तास झाला तरी वांगी दाद देईनात. शेवटी रस्सा गाळून वेगळा काढला, वांगी एकेक उचलून दुसऱ्या पातेल्यात थोड्या तेलावर वाफवली, आणि पंगत बसण्याच्या दहा मिनिटे आधी दोन्ही पुन्हा एकत्र केले. जेवणाऱ्यांना काही कळले नाही. माझ्या मात्र त्या दिवसापासून चिंचेची वाटी ओट्याच्या दुसऱ्या टोकाला असते.

आता वांगे निवडण्याविषयी, कारण निम्मी भाजी तिथे ठरते. महात्मा फुले मंडईची दगडी इमारत १८८६ सालची आहे आणि तिच्यात वांगी उलटसुलट करून पाहणाऱ्या गिऱ्हाइकांवर विक्रेत्यांनी वैतागण्याची परंपराही तितकीच जुनी असावी. तरीही संकोच न करता प्रत्येक वांगे हातात घेऊनच पाहावे. भरण्यासाठी ४० ते ५० ग्रॅमचे, म्हणजे अर्ध्या किलोत दहा-बारा बसतील असे काटेरी वांगे घ्यावे. साल तकतकीत आणि ताणलेली असावी, अंगठ्याने हलकेच दाबल्यावर खळगा पडून लगेच भरून यावा, देठ आणि त्याची टोपी हिरवीगार असावी. साल निस्तेज झाली असेल आणि बोटाने दाबल्यावर वांगे दगडासारखे लागत असेल, तर ते निबर आहे. आत बिया टणक झालेल्या असतात आणि कडवटपणा बहुतांशी त्या बियांबरोबर येतो. टोपीच्या खाली किंवा अंगावर सुईने टोचल्यासारखे छिद्र दिसले, तर अळी आत आहे किंवा नुकतीच बाहेर पडली आहे असे समजावे. सगळी वांगी शक्यतो एकाच आकाराची घ्यावीत. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण एका कढईत ३० ग्रॅमचे आणि ८० ग्रॅमचे वांगे एकत्र घातले की एक विरघळते आणि एक कच्चे राहते, मग कृती कितीही अचूक असो.

पुण्याजवळच्या मांजरी गावाचे नाव धारण करणारा मांजरी गोटा हा वाण गोल, जांभळट-गुलाबी आणि पांढऱ्या रेघांचा असतो. त्याची लहान, कोवळी फळे मिळाली तर भरण्यासाठी उत्तम, मोठी मिळाली तर फोडी करून बटाट्याबरोबर रस्सा करावा. सांगलीकडून येणारी कृष्णाकाठची वांगी मिळाली तर किमतीवर हुज्जत न घालता घ्यावीत. त्यांची साल पातळ असते आणि ती इतर वांग्यांपेक्षा चार-पाच मिनिटे लवकर शिजतात, एवढे फक्त लक्षात ठेवावे. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे, पण ते भाजून भरीत करण्यासाठीच ठेवावे. त्याचा गर इतका मऊ आणि बिया इतक्या कमी, की रश्श्यात त्याच्या फोडी टिकत नाहीत. लांबट, काळपट जांभळी वांगी काप आणि बंगाली पद्धतीच्या भाज्यांसाठी चांगली.

आपण भाजी सुरू केली तो काळ पावसाळ्याचा होता, हेही अपयशाचे एक कारण धरावे. पुष्कळ घरांत कांदेनवमीला कांदे-वांग्याचा शेवटचा बेत करून चातुर्मासात वांगी बंद ठेवतात आणि काही घरांत तर ती थेट चंपाषष्ठीला, खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवल्यावरच पुन्हा खायला सुरुवात होते. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याने ठरवावा. बाजारात हिंडणाऱ्या माणसाच्या दृष्टीने पाहिले तर पावसाळी वांगे बेचव, पाणचट आणि किडके जास्त निघते, आणि मार्गशीर्ष-पौषातले वांगे खरे चवीचे असते. आणलेली वांगी फ्रिजमध्ये चार-चार दिवस ठेवू नयेत. वांगे उष्ण प्रदेशातले फळ आहे. जास्त थंडीत त्याच्या सालीवर खळगे पडतात आणि आतल्या बिया तपकिरी होतात. कापडी पिशवीत, ओट्याच्या सावलीच्या कोपऱ्यात ती दोन दिवस उत्तम राहतात.

भरली वांगी अशी करावीत. अर्धा किलो वांग्यांना ७५ ग्रॅम भाजून सोललेल्या शेंगदाण्यांचे जाडसर कूट, १५ ग्रॅम भाजलेले तीळ, २० ग्रॅम किसून भाजलेले सुके खोबरे, चहाचे २ चमचे गोडा मसाला, दीड चमचा लाल तिखट, अर्धा चमचा हळद, चिमूटभर हिंग, दीड चमचा मीठ, २० ग्रॅम चिरलेला गूळ आणि मूठभर कोथिंबीर हे सगळे एका ताटात घ्यावे आणि त्यात मोठा चमचाभर तेल घालून हाताने चोळावे. मुठीत दाबल्यावर त्याचा लाडू वळला पाहिजे. कोरडा मसाला वांग्यात राहत नाही, पहिल्या उकळीला बाहेर येतो आणि तळाला बसतो. कूट मिक्सरला थांबून थांबून फिरवावे. सलग फिरवले की शेंगदाण्याला तेल सुटून त्याचा गोळा होतो आणि रश्श्याचा पोत चिकट होतो. कांदा आणि लसूण घालावा की नाही, यावर पुण्यात अजूनही दोन तट आहेत. मी घरी घालत नाही आणि केंद्रात मागणीप्रमाणे घालते. घालायचा असेल तर कांदा बारीक चिरून, तेलावर बदामी करून मगच मसाल्यात मिसळावा, कच्चा कांदा भरला तर तो पाणी सोडतो.

वांग्यांचा देठ बोटाच्या एका पेरापुरता ठेवावा, म्हणजे वांगे एकसंध राहते आणि उलटताना धरायला जागा मिळते. टोपीचे काटे खुडावेत. खालच्या टोकापासून देठाकडे अधिकच्या चिन्हासारख्या दोन चिरा द्याव्यात आणि त्या वांग्याच्या पाऊण उंचीवर थांबवाव्यात; तिथून पुढे सुरी गेली की वांग्याच्या चार फाका होणार हे निश्चित. चिरलेले वांगे लगेच मिठाच्या पाण्यात सोडावे. हवेशी संबंध आला की गर काळवंडतो, पाण्यात ती क्रिया मंदावते आणि मीठ आतल्या कडांपर्यंत थोडे पोहोचते. दहा मिनिटांनी काढून निथळावीत आणि आतूनही फडक्याने टिपावीत. ओल्या वांग्यात मसाला धरत नाही आणि गरम तेलात टाकल्यावर ती तडतडून हात भाजतो.

तयार मसाल्यातला दोन तृतीयांश भाग वांग्यांत भरावा. उरलेला बाजूला ठेवावा. तो आत्ता कढईत जाता कामा नये. जाड बुडाच्या पसरट कढईत तीन मोठे चमचे तेल तापवून मोहरी, हिंग, हळदीची फोडणी करावी आणि वांगी एका थरात आडवी ठेवावीत. मध्यम आचेवर पाच मिनिटे ती सगळ्या बाजूंनी परतावीत. सालीवर तेलाचा थर चढला की तिचा जांभळा रंगही बराच टिकतो, कारण तो रंग पाण्यात उतरणारा असतो. मग आच अगदी मंद करावी, कढईवर खोलगट ताटली झाकावी आणि त्या ताटलीत वाटीभर पाणी ओतावे. ही आपल्या आज्यांची युक्ती आजही तितकीच उपयोगी आहे: वरच्या पाण्यामुळे ताटली थंड राहते, आतली वाफ तिला लागून पुन्हा पाणी होते आणि थेंबाथेंबाने वांग्यांवर पडते. कढईत एक थेंबही वेगळे पाणी न घालता दहा-बारा मिनिटांत वांगी आपल्याच ओलाव्यात शिजतात. मध्ये एकदाच ताटली काढून ती देठाला धरून उलटावीत. उलथन्याने ढवळू नये.

वांगे शिजले की नाही, हे खालच्या टोकाला टोचून पाहिले तर फसगत होते, कारण तो भाग आधीच उघडलेला असतो. सुरीचे टोक टोपीच्या लगत खाली, जिथे गर सर्वांत दाट असतो, तिथे घालावे. ते अडखळल्याशिवाय आत गेले तर वांगे झाले. अडखळले तर आणखी तीन मिनिटे वाफ द्यावी. या परीक्षेत उतरल्यावरच उरलेला मसाला आणि ताटलीतले तेच गरम पाणी कढईत घालावे, एक उकळी आणावी, आणि मग १५ ग्रॅम चिंचेचा दाट कोळ घालावा. त्यानंतर पाच ते सात मिनिटे मंद उकळू दिले की रश्श्यावर तेलाचा तवंग दिसू लागतो. गॅस बंद करून पंधरा मिनिटे झाकून ठेवावे. या वेळात वांगे रस्सा ओढून घेते आणि मीठ-आंबट आतपर्यंत जाते. घाईत हेच सर्वांत आधी टाळले जाते.

तेलाविषयी आपली तक्रार खरी आहे आणि तिचे उत्तर थोडे निराळे आहे. वांग्याचा गर म्हणजे हवेच्या बारीक पोकळ्यांनी भरलेला स्पंज आहे. कच्चे वांगे तेलात पडले की त्या पोकळ्यांत तेल शिरते, कढई कोरडी दिसते, आपण आणखी तेल घालता, तेही नाहीसे होते. पुढे गर शिजून पोकळ्या मिटल्या की आत शिरलेले तेल बाहेर येते आणि ताटात थारोळे साचते. म्हणून कढई कोरडी दिसली तरी दुसऱ्यांदा तेल घालू नये, झाकण ठेवून पाच मिनिटे धीर धरावा. वडिलांसाठी तेल खरोखरच कमी हवे असेल, तर पोकळ्या तेलाच्या आधी मिटवाव्यात: भरलेली वांगी चाळणीत ठेवून उकळत्या पाण्यावर आठ मिनिटे वाफवावीत, किंवा झाकलेल्या काचेच्या भांड्यात मायक्रोवेव्हमध्ये चार मिनिटे फिरवावीत, आणि मग दीड-दोन चमचे तेलाच्या फोडणीवर टाकावीत. काप किंवा फोडींच्या बाबतीत मीठ लावून अर्धा तास ठेवले आणि सुटलेले पाणी पिळून टाकले, तरी हेच साधते. मात्र नंतर मसाल्यात मीठ बेताने घालावे. प्रामाणिकपणे सांगायचे, तर कमी तेलाचे वांगे चांगले लागते, पुरेशा तेलाचे वांगे अधिक चांगले लागते. आठवड्यातून एकदा खाणाऱ्याने कुठले निवडावे, हे मी सांगत बसणार नाही.

कडवटपणाचा दोष आपण वांग्याला देता, पण आपल्या दोन कडू भाज्यांचे वर्णन वाचून मला वांगे निर्दोष वाटते. आपण तीळ, खोबरे आणि शेंगदाणे एकाच कढईत एकत्र भाजले आहेत. शेंगदाण्याला मंद आचेवर बारा-पंधरा मिनिटे लागतात, खोबऱ्याच्या किसाला तीन-चार आणि तिळाला जेमतेम दोन. शेंगदाणे होईपर्यंत तीळ जळतात, आणि जळलेला तीळ इतका कडू असतो की चिमूटभर पुरतो. तीळ फुटू लागले, त्यांचा रंग किंचितच बदलला, की ताटात काढावेत. कढईच्या उष्णतेनेही ते पुढे भाजले जातात. यापुढे मसाला भरण्याआधी तो चिमूटभर जिभेवर ठेवून पाहावा. तिथेच कडू लागला तर वांगी वाया घालवू नयेत, मसाला पुन्हा करावा. गूळ वाढवून कडूपणा झाकत नाही, भाजी गोड आणि कडू दोन्ही होते.

बघारे बैंगनमध्ये हाच नियम वेगळ्या क्रमाने पाळला जातो. ही हैदराबादची भाजी, आणि बघार म्हणजे फोडणी. नावातच सांगितले आहे की वांगे फोडणीच्या तेलात तयार व्हायचे आहे. तिच्यात मसाला वांग्यात भरत नाहीत, किंवा नावापुरता भरतात. वांगी चिरा देऊन चार-पाच मोठे चमचे तेलात झाकण ठेवून आठ-दहा मिनिटे तळून घेतात, साल सुरकुतली आणि देठाजवळची परीक्षा उतरली की बाहेर काढतात. त्याच तेलात मोहरी, जिरे, मेथीचे सात-आठ दाणे आणि भरपूर कढीपत्ता घालून वर वाटण टाकावे: दोन कांदे तव्यावर डाग पडेपर्यंत भाजलेले, ४० ग्रॅम शेंगदाणे, २५ ग्रॅम तीळ, २५ ग्रॅम सुके खोबरे, चमचाभर धणे, अर्धा चमचा जिरे, आले आणि लसूण. हे वाटण गंधासारखे बारीक हवे, इथे जाडसर कूट चालत नाही. आपले दोन्ही प्रयत्न या वाटणापाशी फसले आहेत असे मला वाटते, कारण आपण ते चार मिनिटे परतलेत. त्याला मंद आचेवर बारा ते पंधरा मिनिटे लागतात. आधी ते फसफसते, मग घट्ट होऊन कढईला चिकटू लागते, तेव्हा दोन-दोन चमचे पाणी शिंपडत राहावे, आणि शेवटी त्यातले पाणी आटून शेंगदाणे, तीळ आणि खोबऱ्याच्या अंगचे तेल कडेने सुटू लागते. ते तेल दिसल्याशिवाय चिंच घातली तर कच्च्या शेंगदाण्याचा वास शेवटपर्यंत जात नाही. मग २५ ग्रॅम चिंचेचा कोळ आणि दोन वाट्या गरम पाणी, दहा मिनिटे उकळी, आणि तळून ठेवलेली वांगी अखेरच्या आठ मिनिटांसाठी. आंबट रस्सा आधीच तयार असला तरी इथे बिघडत नाही, कारण वांगे त्यात पडण्यापूर्वीच शिजलेले असते. हाच रस्सा लांब हिरव्या मिरच्यांवर घातला की मिरची का सालन होते, त्यामुळे वाटण दुप्पट करून ठेवायला हरकत नाही.

आपल्या सीमेपलीकडे विजापूर-धारवाडकडे करतात ती एण्णेगायी म्हणजे भरल्या वांग्यांची सख्खी बहीण. तिच्यात शेंगदाण्याबरोबर कारळ्याची भाजलेली पूड असते, सोलापूरकडच्या घरांतही ती पडते, आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर मला ती गोड्या मसाल्याच्या वांग्यांहून अधिक आवडते, हे सदाशिव पेठेतल्या सासरी मी अजून उघडपणे बोललेले नाही. पंच्याहत्तर ग्रॅम कुटातले पंचवीस ग्रॅम कमी करून तिथे कारळ्याची पूड घालून पाहावी आणि गूळ निम्मा करावा. काश्मिरी चोक वांगुनमध्ये लांबट वांग्याच्या फोडी मोहरीच्या तेलात तळून मगच चिंचेच्या रश्श्यात सोडतात. मसाला बडीशेपेची पूड, सुंठ, हिंग आणि काश्मिरी मिरची एवढाच. बंगाली दोई बेगुनमध्ये जाड चकत्या तळून फेटलेल्या दह्याच्या रश्श्यात ठेवतात. तिथे दही आंबट असते आणि शिवाय जास्त आचेवर फाटते, म्हणून ते साय असलेल्या दुधाचे घ्यावे, चमचाभर बेसन लावून फेटावे आणि रस्सा खदखदू देऊ नये. मोहरीचे वाटण घालायचे असल्यास ते मीठ आणि हिरवी मिरची घालूनच वाटावे, नुसती मोहरी जास्त वेळ वाटली की कडू होते. हैदराबाद, काश्मीर आणि बंगाल या तिन्ही ठिकाणी वांगे आधी तेलात तयार होते आणि आंबटाला मागून भेटते.

भांड्याबद्दल एक सूचना आवर्जून करते, कारण आपण लोखंडी कढई नव्याने घेतल्याचे लिहिले आहे. तुळशीबागेत सध्या सगळेच ती घेतात आणि काप, कचऱ्या किंवा झुणक्यासाठी ती उत्तम आहे. चिंचेच्या रश्श्याला ती वापरू नये. आम्ल आणि लोखंड यांची गाठ पडली की रस्सा काळा होतो आणि जिभेवर लोखंडाची चव रेंगाळते. जाड बुडाचे स्टील किंवा कल्हई केलेले पितळी पातेले घ्यावे. कल्हई उडालेल्या पितळेत मात्र आंबट पदार्थ मुळीच शिजवू नये. कुकर वापरायचाच असेल, तर वांगी थेट तळाला ठेवू नयेत, शेंगदाण्याचे कूट तिथे हमखास लागते. तळाला पाणी, वर भांडे, त्यात वांगी, आणि एकच शिट्टी.

आता डब्याविषयी. ही भाजी आदल्या रात्री करून ठेवता येते, आणि चवीला दुसऱ्या दिवशी ती अधिक मुरलेली लागते, पण रात्री ती पूर्ण करू नये. वांगी देठाजवळ किंचित अडखळतील इतपतच वाफवावीत, उरलेला मसाला आणि पाणी घालून एक उकळी आणावी, निवल्यावर झाकून फ्रिजमध्ये ठेवावे आणि चिंच घालू नये. एका रात्रीच्या थंडीने शिजलेल्या वांग्याचे काही बिघडत नाही. सकाळी रस्सा घट्ट झालेला असेल, कारण कूट रात्रभर पाणी ओढते. अर्धी वाटी गरम पाणी आणि चिंचेचा कोळ घालून सात-आठ मिनिटे मंद आचेवर तापवावे. डब्यात भरताना वांगी देठ वर करून शेजारी-शेजारी उभी बसवावीत आणि रस्सा दुसऱ्या लहान डबीत न्यावा, म्हणजे हिंजवडीपर्यंतच्या खड्ड्यांतही ती फुटत नाहीत.